दुसऱ्या काट्याचं काय

जुन्या मानद सनदेवर सगळं कोरलेलं, आणि नावाची जागा तेवढी कोरी. कोरलेलं आणि कोरी, हे दोन शब्द एकमेकांना इतके चिकटून का आहेत, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं उलटी कोरायची. शाई चोपडायची, फडक्यानं पुसून घ्यायची, खाचांत बसली तेवढीच राहू द्यायची. वर ओलसर कागद ठेवून तो दाबयंत्रातून काढला की उलट्याचं सुलट होऊन येतं. पन्नास कागद काढा की शंभर, मजकूर तोच, वेलबुट्टी तीच. मधे एक ओळभर जागा सोडलेली. तिथं पिसाच्या लेखणीनं नाव भरायचं, तारीख घालायची, खाली सह्या. लसीच्या अगदी पहिल्या संस्था अशा मानद सनदा देत. लंडनला १८०३ साली रॉयल जेनेरियन सोसायटी निघाली. देवीचा रोग समूळ नाहीसा करायचा, हे तिनं आपल्या पूर्ण नावातच घालून घेतलं होतं. तीन वर्षांत आत भांडणं झाली, तिथलं टोचण्याचं काम पाहणारे डॉ. जॉन वॉकर बाहेर पडले आणि त्यांनी लंडन व्हॅक्सिन इन्स्टिट्यूशन ही दुसरी संस्था काढली. भांडणाचं मला काही नाही. माणसं एकत्र आली की भांडतात, आणि भांडूनही काम करत राहिली तर आणखी काय हवं. मला सतावते ती ओळभर जागा.

आमच्या भागात सनद म्हटलं की वतनाची, इनामाची सनद डोळ्यांपुढे येते. आमचं किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, निजामाच्या जुन्या मुलखात. जुन्या घरांत लोखंडी पेटीच्या तळाशी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला उर्दू अक्षरांचा कागद अजून सापडतो. घरात तो कुणाला वाचता येत नाही, तरी लक्ष्मीपूजनाला त्याच्यावर हळदकुंकू पडतं. सनद मिळते ती ज्यानं काही केलं त्याला. ज्याच्या अंगावर ते केलं गेलं, त्याला काय मिळतं?

त्या काळी लस बाटलीत नसे. ती माणसाच्या दंडात असे. एका मुलाला टोचलं की आठवडाभरानं फोड भरून यायचा, तो फोडून आतलं पाणी सुरीच्या टोकावर घ्यायचं आणि दुसऱ्या मुलाच्या दंडात भरायचं. आठ दिवसांनी दुसऱ्याच्या दंडातून तिसऱ्याच्या. साखळी तुटली की लस मेली. मराठीत आपण ‘हातोहात’ म्हणतो आणि आपल्या मनात विकला जाणारा माल असतो. ही लस मात्र खरोखरीच हातोहात गेली, या हाताच्या कातडीतून त्या हाताच्या कातडीत. आपला शब्दही तिथूनच आलेला आहे. जखम चिघळली की तिच्यातून जे पाणी झरतं त्याला आमच्याकडे अजून लस म्हणतात. ‘लस वाहायला लागली’ म्हणजे दुखणं वाढलं. तोच शब्द दुखणं अडवणाऱ्या औषधाला बसला आणि कुणाला खटकलं नाही.

मुंबईत ही साखळी १८०२ च्या १४ जूनला सुरू झाली. व्हिएन्नाच्या डॉ. झ्यां द कारो यांनी लसीत भिजवलेला कापूस काचेच्या दोन तुकड्यांत बंद केला आणि वर मेणाचे थर चढवून लस पूर्वेकडे धाडली. कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा. बसऱ्याहून जहाजानं मुंबई. तिथं अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती लागली. तिच्या दंडातून आणखी पाच मुलांना. तिथून पुणं, सुरत, मद्रास, हैदराबाद. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी पुढे वर्गणी जमवून ही लस शोधणाऱ्या जेनरसाहेबांना सात हजार पौंडांहून जास्त रक्कम धाडली; मुंबईचाही त्यात मोठा वाटा होता. अ‍ॅनाच्या नावापुढे निदान वय तीन वर्षं एवढं तरी आहे. त्या पाच मुलांच्या पुढे तेवढंही नाही. आणि मुंबईपर्यंतच्या या वाटेवर ज्यांचे दंड वापरले गेले, त्यांच्या आया त्या आठ दिवसांत कशा झोपल्या असतील?

हैदराबादेला लस पोचली खरी. हैदराबादच्याच राज्यात राहणाऱ्या माझ्या आजीपर्यंत ती वेळेवर पोचली नाही. आजीचा चेहरा पावसाचे पहिले थेंब पडून गेलेल्या फुफाट्यासारखा होता. एक डोळा दुधी झालेला. तिला कुणी विचारलं तर ती रोगाचं नाव घेत नसे. “बाया आलत्या,” एवढंच म्हणायची, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढायची, जणू त्या अजून ओसरीवर बसल्यात.

इथवर आलो की मला वाटतं, मी एकाच बाजूनं बोलतोय. कारण तिकडे इंग्लंडात दंडाची आठवण ठेवली गेली. १७९६ च्या मे महिन्यात जेनरनी ज्या आठ वर्षांच्या पोराला टोचलं, त्या जेम्स फिप्सचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. जिच्या हातावरच्या फोडातून लस घेतली ती गवळण सेरा नेल्म्स, तिचंही आहे. गाईचंसुद्धा आहे, ब्लॉसम. तिचं कातडं लंडनच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जपून ठेवलंय. फिप्सला जेनरनी राहायला घर दिलं. म्हणजे पहिल्या दंडाला नाव मिळतं, पहिल्या गाईलाही मिळतं. नाव मिळत नाही ते मधल्यांना. साखळीच्या मधल्या कड्यांना.

माझी माय म्हणायची, काट्यानं काटा काढावा.

ही म्हण ती उपदेश म्हणून सांगत नसे. काटा काढतानाच म्हणायची, म्हणजे काम करता करता माणूस जसं तोंडानं काही पुटपुटतं तसं. किनवटच्या शिवारात काट्यांना तोटा नाही. बाभूळ, बोर, हिवर, येनी. पायात चप्पल असायची ती सणाला. पैनगंगेकडे गेलो की येताना टाच टेकवत नाही असं निदान एक पोर असायचंच. संध्याकाळी माय चुलीपुढे बसे, माझा पाय आपल्या मांडीवर घेई, कंदील जवळ ओढे. आधी पाण्यानं पुसायची. मग अंगठ्याच्या पोटानं आजूबाजूला दाबत दाबत जायची आणि मी ज्या ठिकाणी ‘आई गं’ म्हणे तिथं थांबायची. तिथं एक काळा ठिपका असे, तिळाएवढा. मग बाभळीचा वाळलेला काटा घेऊन ती ठिपक्याच्या वरची कातडी उकलायची. पांढरी कातडी, तिला दुखत नाही. ‘हालू नगं लेकरा, आता आलाच बघ.’ मग काट्याचं टोक आडवं करून खालून उचकायची, आणि तो आतला काटा आपलं डोकं वर काढायचा. नखांच्या चिमटीत धरून ओढला की निघतानाच कळायचं. दुखणं जाताना जो एक क्षण गोड लागतो तो.

मोडून आत राहिला तर रुईचा चीक लावायची, किंवा बिब्बा तापवून चटका. दोन दिवसांत काटा आपणहून वर यायचा.

आता ही म्हण नीट धरून पाहिली तर तिच्यात किती काही सोडलेलं आहे. पहिली गोष्ट, कोणताही काटा चालत नाही. हिरवा असला तर वाकतो. फार जुना असला तर टोक मोडून पायात आणखी एक काटा वाढतो. तो नेमका वाळलेला, पण खुटखुटीत हवा. म्हणजे काढणारा काटा हा रुतलेल्या काट्याच्या जातीचाच, पण निवडलेला, जोखलेला. लसीचंही नेमकं हेच आहे की नाही? देवीच्याच कुळातला विषाणू, पण सौम्य, माणसाला मारत नाही असा. आपल्या लोकांना ही गोष्ट समजावायला कुणाला बोट धरून न्यायची गरजच नव्हती, ती आमच्या टाचेला माहीत होती.

दुसरी गोष्ट. काट्यानं काटा निघतो, हे खरं नाही. काटा हातानं निघतो. मांडीवर ठेवलेला तो काटा दोन वर्षं पडून राहिला असता तरी माझ्या टाचेतला काटा हलला नसता. म्हण हाताचं नाव घेत नाही. आणि मग मला वाटतं, ती तांब्यावर कोरलेली सनद म्हणजे म्हणीनं जे सोडलं ते भरून काढणंच आहे. सनद हाताची असते. ज्यानं कातडी उकलली, धीर दिला, चुकवलं नाही, त्या हाताची. त्या काळी दूर गावोगाव टोचत हिंडणाऱ्या माणसाला कुणी तरी, कुठून तरी, तुझं काम आम्हाला पोचलं असं लिहून धाडत असेल, तर ते फुकटचं कसं म्हणू?

पण मग तिसरी गोष्ट राहतेच. पाय. म्हणीत काटा दोनदा येतो, पाय एकदाही येत नाही. सनदेत हात येतो, पाय तिथंही नाही. ज्याच्यात रुतलं, ज्यानं ‘आई गं’ म्हणून जागा दाखवली, जो न हालता बसला. तो हालला असता तर जगातली कुठलीही माय काटा काढू शकली नसती.

आणि चौथी, जी मला सगळ्यात जास्त छळते. काटा निघाल्यावर दुसऱ्या काट्याचं काय करायचं? मी एकदा तो अंगणात भिरकावला. माय लागलीच उठली, कंदील घेऊन अंगणात वाकून वाकून शोधत राहिली. “फेकू नगं बाबा, कुनाच्या तरी पायात घुसल.” सापडला तेव्हा तिनं दोन्ही काटे, निघालेला आणि काढणारा, चुलीत टाकले. काटे जळताना बारीकसा तड असा आवाज होतो. तो आवाज झाल्यावरच ती हात धुवायला उठली.

आज वर्तमानपत्रात ‘काट्यानं काटा काढला’ असं वाचतो तेव्हा कुणी तरी एका वैऱ्याच्या अंगावर दुसरा वैरी घातलेला असतो, एका गटाला दुसऱ्या गटाकडून पाडलेलं असतं. मांडी गेली, कंदील गेला, राहिला डाव. ही म्हण मायच्या मांडीवरून उठून कधी फडात जाऊन बसली? की ती आधीपासून डावाचीच होती आणि मायनंच ती चुलीपुढे आणून मऊ केली? संस्कृतातही ही उक्ती आहे आणि तिथंही ती राजनीतीच्याच अंगानं येते. म्हणजे बहुधा दुसरंच खरं असावं. बायकांनी एक कपटी म्हण उचलली आणि लेकरांच्या पायाला लावली. मला हे खरं असावंसं वाटतं, एवढंच.

कपटावरून मद्रासची गोष्ट आठवते. एलिस नावाचा संस्कृत जाणणारा इंग्रज अधिकारी तिथं होता. लोक लस घेईनात, तेव्हा त्यानं लसीची स्तुती करणारं संस्कृत काव्य रचलं, जुन्या कागदावर उतरवलं आणि ते पुरातन म्हणून सापडल्याचं पुढे केलं, असं सांगतात. एका कागदावर खरं नाव भरण्यासाठी जागा कोरी ठेवलेली, दुसऱ्या कागदावर खोटं वय भरलेलं. दोन्हींच्या मागे माणसं वाचावीत हीच इच्छा. मला एलिसचा राग यावा असं वाटतं, पण आजीचा चेहरा आठवला की राग टिकत नाही. तो खोटा श्लोक जर आमच्या आजीच्या गावात कुणी खरा म्हणून वाचला असता, आणि तिच्या बापानं तिचा दंड पुढे केला असता, तर तिचा डोळा राहिला असता. मग ते पाप कुणाच्या खात्यात, आणि पुण्य कुणाच्या?

तरी आजी ज्यांना बाया म्हणायची त्यांना हुसकावून लावायचं, असं आमच्याकडे कुणी म्हणतच नव्हतं. देवी आल्या की घरात फोडणी बंद. तळण नाही, केस विंचरणं नाही, दाराला लिंबाचा डहाळा. रोग्याला वारा घालायचा तोही लिंबाच्या पाल्यानं. मोठ्यानं बोलायचं नाही, कारण पाहुणी घरात आहे, तिचा मान राखायचा आणि तिची पाठवणी करायची. तांड्यावर बंजारा बाया आजही शीतळेला पुजतात. शत्रूला पाहुणा म्हणणं हा अडाणीपणा आहे असं मला शाळेत शिकवलं. आज तेवढ्या खात्रीनं म्हणवत नाही. जिच्यापुढे काहीच चालत नव्हतं, तिच्याशी माणसं निदान नातं तरी जोडत होती. आणि टोचून घ्यायलाही आम्ही काय शब्द वापरला? ‘देवी काढल्या का पोराला?’ देवी काढणं. जसा काटा काढणं.

१९७५ च्या सुमारास आमच्या शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं: देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. आम्ही पोरं ते येता-जाता ओरडायचो. हजार रुपये म्हणजे किती, हे आम्हाला कळत नव्हतं, पण शब्दांचा ठेका पायात बसायचा. आज त्या ओळीकडे पाहतो तर तिच्यातही तेच. कळवणाऱ्याला बक्षीस. रोग्याला, तो सापडला म्हणजे झालं. देशातली देवीची शेवटची रोगी सायबान बीबी, आसामातल्या करीमगंजच्या रेल्वे फलाटावर राहणारी बाई. २४ मे १९७५. तिच्या अंगावरचे ते फोड म्हणजे काही हजार वर्षांच्या एका साखळीचं या देशातलं टोक होतं. तिनं काही केलं नव्हतं. तिला झालं होतं.

तेव्हा घरोघर हिंडणाऱ्या माणसांकडे एक रंगीत कार्ड असे. त्याच्यावर अंगभर देवी आलेल्या एका लेकराचा फोटो. ‘असं कुणी पाहिलं का?’ म्हणून ते दारात पुढे करत. माझ्या मायनं ते कार्ड हातात घेतलं, पाहिलं, आणि विचारलं, “हे जगलं का?” त्या माणसाला सांगता आलं नाही. त्यानं कार्ड परत घेतलं आणि चुन्यानं दारावर खूण करून पुढच्या घराला गेला. लाखो दारांत दाखवला गेलेला तो चेहरा. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही देवाचा, पुढाऱ्याचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नसेल. नाव नव्हतं.

आणि मग टोचणं. माझ्या डाव्या दंडावर दोन वण आहेत. एक पाळण्यातला, फिरकीनं केलेला. माझ्याबरोबर तोही वाढला, आता जुन्या पावलीएवढा झालाय. आतली कातडी चुरगाळून सरळ केलेल्या कागदासारखी, मधे बारीक खळगे. उन्हाळ्यात बाकीचा हात रापतो, तेवढी जागा रापत नाही. दुसरा शाळेतला, दोन टोकांच्या सुईचा. पंधरा टोचे, चटाचट. बाजूला ओळ धरून आम्ही. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, टोचणारे येणार कळलं की माणसं मोहाच्या झाडांकडे निघून जायची, असं तिथली पोरं सांगत. शाळेत पळायला जागा नव्हती. मागून दोघांनी मला धरलं होतं. एकाची बोटं माझ्या मनगटावर रुतलेली मला अजून कळतात, सुईपेक्षा जास्त.

खूपदा वाटतं की लिहून टाकावं, दंडावरचा वण हीच पायाची सनद, कातडीवर कोरलेली. वाक्य छान होईल. पण खरं होणार नाही. सनद देताना हात धरत नाहीत. मला न विचारता दिलेली गोष्ट मान कशी? आणि तरी, मला धरलं नसतं तर मी पळालो असतो, आणि माझ्यासारखे सगळेच पळाले असते तर माझ्या पोरांच्या चेहऱ्यावर आज आजीचा चेहरा असता. मायनंही माझा पाय धरलेलाच होता. दोन्ही धरण्यांत फरक आहे, हे मला पक्कं माहीत आहे. तो कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. कंदिलात? ‘आता आलाच बघ’ या शब्दांत? की धरणारं माणूस आपलं होतं, एवढ्यातच?

९ डिसेंबर १९७९ ला जिनिव्हात जगभरच्या तज्ज्ञांनी एका कागदावर सह्या केल्या, देवीचा रोग पृथ्वीवरून गेला म्हणून. पुढच्या ८ मे ला ते जाहीर झालं. लंडनच्या त्या सोसायटीनं आपल्या नावात घातलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनी खरा झाला. मला तो कागद सगळ्या सनदांत मोठा वाटतो, कारण त्याच्यावर कुणाचाच सन्मान केलेला नाही. गेलं, एवढंच लिहिलंय.

पण गेलं का? माझी माय असती तर तिनं पहिला प्रश्न हाच विचारला असता, काटे चुलीत टाकले का? नाही टाकले. देवीचा विषाणू आजही दोन ठिकाणी कुलपात ठेवलाय, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात सायबेरियातल्या कोल्त्सोव्होला. नष्ट करायचा की ठेवायचा, हा निर्णय कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातोय. २०१४ साली तर अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या एका शीतगृहात पुठ्ठ्याच्या खोक्यात विसरून राहिलेल्या कुप्या निघाल्या, वर देवीच्या विषाणूचं नाव. अंगणात भिरकावलेला काटा. कंदील घेऊन कुणीच उठलं नव्हतं.

हे लिहून मी मायच्या बाजूनं उभा राहिलो होतो आणि मला बरं वाटत होतं. मग काल रात्री आठवलं. आमच्या घराची मागची भिंत कुडाची होती, शेणामातीनं लिंपलेली. दाराच्या वरच्या बाजूला, लहान पोराचा हात पोचणार नाही अशा जागी, कुडात एक काटा खोचलेला असे. वाळलेला, काळपट, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. काढायला चांगला ठरलेला काटा माय जाळत नसे. तो तिथं खोचून ठेवत असे, पुढच्या वेळेसाठी. मला हे इतकी वर्षं कसं आठवलं नाही? मी चूल लक्षात ठेवली आणि कूड विसरलो. म्हणजे जाळायचे तेही तिनंच ठरवलं आणि राखायचे तेही. कुठला काटा कुठे, याचा तिचा काही नियम असणार. तो तिनं सांगितला नाही, मी विचारला नाही.

मागच्या आठवड्यात आमच्याकडच्या एका अंगणवाडीत गेलो होतो. टोचायचा दिवस होता. निळ्या पेटीत बर्फाच्या पट्ट्यांमधे ठेवलेल्या बाटल्या, बाहेर लिंबाखाली बाया. दंडावर वण आता बीसीजीचा येतो. नव्या पोरांचे दंड पाहून आमच्या वयाच्या माणसांना उगीच ओळख पटल्यासारखी वाटते, पण तो वण वेगळा. एक कोवळी पोरगी पंधरा-वीस दिवसांचं बाळ घेऊन आली होती. पदराआड धरलेलं. सिस्टरनं तिला आपल्या शेजारी बसवलं, बाळाचा दंड मोकळा केला, आणि बाळाशी नव्हे, आईशी बोलत राहिली. कुठल्या गावची, दूध पुरतं का, सासू कशी आहे. बोलता बोलता टोचून झालं. बाळ रडलं ते सुई निघाल्यावर.

मग कार्ड. माता आणि बाळाचं. बरंचसं छापलेलं, मधे भरायच्या जागा. मी वाकून पाहत होतो. इथं सगळं उलटं होतं. कागद पायाचा होता. काय टोचलं, केव्हा टोचलं, पुन्हा केव्हा यायचं, सगळं त्या बाळाचं. हाताचं नाव कुठेच नव्हतं. खाली सिस्टरची एक सही, चार रेघांची, कुणालाही न लागणारी. बाळ मोठं झाल्यावर त्याला कधी कळणार नाही की या बाईनं त्याच्या आईला बोलण्यात गुंतवलं होतं. माझी तक्रार मिटायला हवी होती. ती मिटली नाही, फक्त कूस बदलून निजली. आता मला सिस्टरसाठी वाईट वाटत होतं.

“नाव काय ठिवलं?” सिस्टरनं विचारलं.

“आजून नाई ठिवलं. बारसं व्हायचंय.”

सिस्टरनं पेन बाजूला ठेवलं. ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि नावाच्या जागी आईचं नाव लिहून पुढे ‘बाळ’ असं लिहिलं. बाकी सगळं निळ्या शाईनं, तेवढंच पेन्सिलीनं. पोरीनं कार्ड दोनदा दुमडलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी कमरेला खोचली आणि उन्हात निघून गेली. सिस्टरनं पुढच्या बाईला हाक मारली. पुढे ते खोडायला सोपं जावं म्हणून पेन्सिल, की बाळ मोठं होईल याचा भरवसा म्हणून, हे विचारायचं राहिलं.